भिंगरी थांबेना

सोमवार, ४ मार्च

डायरी लिहायची मला सवय नाही. पण दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, वर घरात आईशी जपून बोलायचं, मग डोक्यात जे खदखदतंय ते ओतायचं कुठे? म्हणून ही वही.

आज मेहुणे दुकानात आले. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. शाळेत गणित शिकवतात आणि घरीही तसंच बोलतात, एकेक पायरी मांडून. बहीण मागे गोदामात होती. ती ऐकत नाही ना हे बघून हळूच म्हणाले, "ताई, ती रात्री तीन तास झोपते. बारा दिवस झाले. मी लिहून ठेवलंय."

माझं टाळकंच सटकलं. "बायकोची झोप मोजत बसता? तुम्हाला दुसरा उद्योग नाही?"

"पण ती दमत नाहीये. तीन तास झोपून माणूस दमत नसेल तर..."

"तर तिला काम आवडतंय असं समजायचं! जन्मात पहिल्यांदा ती मोकळी झालीय, ते बघवत नाही तुम्हाला."

त्यांनी चष्मा पुसला आणि निघून गेले. हा माणूस धड भांडतही नाही, त्याचाही राग येतो.

एकदा सगळं नीट मांडून ठेवते. फोटो आणि चित्रांना चौकटी करायचं हे दुकान बाबांचं. ते गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते. तेव्हापासून सव्वीस वर्षं मीच चालवते. पट्ट्या कापणं, काच कापणं, कोपरे जुळवणं, हे मला येतं. गिऱ्हाईक पटवणं येत नाही; माझ्या कपाळावर कायम आठ्या असतात म्हणे. त्यात लोक आता फोटो मोबाइलमध्येच ठेवतात. तीन वर्षं मी माश्या मारत बसले होते. जानेवारीत बहीण चित्रकला शिकवायची नोकरी सोडून माझ्या जोडीला आली आणि दुकानात जीव आला. लहानपणापासून सगळे तिला भिंगरीच म्हणतात. आता तर खरीखुरी भिंगरी झालीय. असू दे की. कुणाचं काय जातं?

शनिवार, ९ मार्च

भिंगरीने दुकानाची दर्शनी भिंत पिवळी करून टाकली. एकटीने. मी सकाळी जिना उतरून आले तर काम संपलेलं, बाई शिडीवर बसून गाणं म्हणतायत.

"अगं, हे केलंस कधी?"

"पहाटे! पहाटे चारला रंग खरा दिसतो ताई, दिवसा उजेड खोटं बोलतो, आणि ऐक ना, वरचा मजला पण आपण घेऊ, आईची खोली आपण चित्रांचं दालन करू, आई काय कुठेही झोपेल, आणि शाळांमध्ये जाऊ, प्रत्येक वर्गात एक चौकट..."

एका वाक्यातून दुसऱ्यात उडी, श्वास घ्यायलाही थांबत नाही. मला हसू आलं. दिवसभर गर्दी होती. एक बाई एक फोटो घेऊन आली आणि तीन चौकटी सांगून गेली. भिंगरी बोलायला लागली की माणूस भारल्यासारखं ऐकत राहतं.

आई जिन्यात उभी राहून भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "अगदी बाबांसारखी."

"हो ना!" मी म्हटलं. बाबांनी हे दुकान आठ दिवसांत उभं केलं होतं, ही आमच्या घरातली लाडकी गोष्ट. पण आईचा चेहरा उतरलेला. तशीच वळून वर गेली. पोरगी मर मर राबतेय, हिच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द निघेल तर शपथ.

शुक्रवार, १५ मार्च

आज भांडण झालं. दुपारी दारात ट्रक उभा. सोनेरी पट्ट्या, गोदामात मावणार नाहीत इतक्या. मला न विचारता मागवलेल्या.

"वेड लागलंय का तुला?" मी ओरडले.

तर भिंगरी माझ्या अंगावर धावून आली. माझी भिंगरी, जिने जन्मात मला उलट उत्तर दिलं नाही! भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "तू कोत्या मनाची आहेस. कायमच होतीस. मी दहा दुकानं काढणार आहे आणि तू इथेच खिळे ठोकत मरशील!"

माझ्या हातातली काच खाली पडली. पाच मिनिटांनी तीच माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली, आणि त्यानंतर पाच मिनिटांनी एका अनोळखी गिऱ्हाइकाला सगळ्यात मोठी चौकट फुकट देऊन टाकली, कारण त्याचे डोळे तिला आवडले.

ट्रक परत पाठवायला हवा होता. नाही पाठवला. एवढी गर्दी आहे, खपतील म्हटलं.

मंगळवार, १९ मार्च

मेहुण्यांचा फोन. तिला डॉक्टरांकडे न्यायचंय म्हणे. "माझं ऐकत नाही ताई. माझ्यावर संशय घेते. तुमचं ऐकेल."

"हातातली कामं संपू देत. मग बघू."

"आजार काही कामं संपायची वाट बघत नाही."

मी फोन ठेवून दिला. आजार म्हणे! आजारी माणूस अंथरूण धरतो, कण्हतो, त्याला जेवण जात नाही. ही गाते. नाचत नाचत काम करते. आजारीच असेल तर असा आजार मलाही एकदा होऊ दे.

बुधवार, २७ मार्च

भिंगरी बारीक झालीय. अंगातला कुडता खांद्यावरून घसरतो. डबा उघडते आणि तसाच ठेवून देते. आज दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. मी सांगितलं तर म्हणाली, "मग काय झालं? पाय दोन, चपला दोन."

एक निवृत्त कंडक्टर आले होते. बायकोचा फोटो घेऊन. बसच्या दारात उभी, एक हात दांड्यावर, चेहऱ्यावर ऊन. "एवढा एकच आहे," म्हणाले. "दुसरे सगळे घरात पाणी शिरलं तेव्हा गेले." पाकिटातून काढताना बोटं किती जपून चालत होती त्यांची.

भिंगरीने फोटो कानाजवळ नेला. खरंच, कानाजवळ. डोळे मिटले आणि म्हणाली, "तिला एकटं वाटतंय. सोबत हवीय म्हणते."

कंडक्टर हसले, पण अर्धवटच. मग माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काहीतरी सांगेन. मी मान खाली घालून काच कापत राहिले. कलाकार माणसं बोलतात असं.

ते गेल्यावर मात्र भिंगरीचा भयंकर राग आला. का आला ते कळत नाही. सगळ्यांचाच येतोय हल्ली. आई तर सारखी जिन्यात येऊन उभी राहते, हाक मारली की वर जाते. काल तिच्या हातून ताटली पडून फुटली, भिंगरी गात होती तेव्हा. बोलायचं असेल तर बोल ना बाई! नुसती भुतासारखी उभी काय राहतेस?

शनिवार, ६ एप्रिल

हे सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. दुपारचे चार वाजलेत. माझा उजवा तळहात अजून चुरचुरतोय.

सकाळी साडेआठला खाली उतरले. दुकानाचं शटर आतून बंद. मागच्या दाराने गेले. आत काचांचा खच. भिंगरी अनवाणी, काचांवरूनच चालत होती, फरशीभर रक्ताची पावलं. आणि समोरची भिंत...

चौकटीसाठी आलेले सगळे फोटो तिने कापले होते. एकतीस फोटो. लग्नाचे, बारशाचे, म्हाताऱ्यांचे, मेलेल्यांचे. एकेक माणूस कडेकडेने कापून काढलेलं आणि सगळी माणसं एकमेकांना खेटून एका प्रचंड सोनेरी चौकटीत चिकटवलेली. कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर. कुणाचं बाळ कुणाच्या मांडीवर.

"बघ ताई!" तिचा आवाज बसला होता, नुसती घरघर. "आता कुणी एकटं नाही. ती सगळी रडत होती. मला एकटीलाच ऐकू येत होतं."

मला खरं लिहायचंय. ते सुंदर होतं. आणि ते सुंदर दिसलं म्हणूनच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या थोबाडीत मारली. सगळा जोर लावून.

ती रडली नाही. गालाला हातही लावला नाही. माझ्याकडे बघून मोठ्याने हसायला लागली, आणि हसणं थांबेचना. तेव्हा कुठे मी घाबरले. महिनाभर मी रागावत होते, घाबरले आज.

मेहुण्यांना फोन केला. दहा मिनिटांत आले. त्यांना बघताच भिंगरी शिडीमागे लपली. "हा माझा नवरा नाही. ह्याला कुणीतरी पाठवलंय." मेहुणे काचांतच खाली बसले. जवळ गेले नाहीत, ओरडले नाहीत. म्हणाले, "बरं, नसेन. पण पायातून रक्त येतंय, ते तर खरं आहे ना? एवढं बांधून येऊ. ताईही येतील." अर्धा तास तेच तेच, त्याच आवाजात. शेवटी ती उठली.

मी फक्त कुलूप लावलं.

सोमवार, ८ एप्रिल

मनोविकारांच्या वॉर्डात ठेवलंय तिला. इंजेक्शनांवर दोन दिवस झोपून आहे. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. आम्हा तिघांना, मला, आईला आणि मेहुण्यांना, समोर बसवलं.

म्हणाल्या, "ह्याला उन्माद म्हणतात. बाहेरून आनंद दिसतो, पण तो आनंद नसतो. मेंदूची गाडी उतारावर सुटलेली असते आणि ब्रेक लागत नाही. झोप नको, भूक नको, बोलणं भरधाव, मोठमोठे बेत, लगेच चिडणं, मग भास, संशय. पुढे कदाचित उलटं होईल, खोल उदासी येईल. औषधांनी आवरता येतं. पण लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. झोप कधीपासून कमी झाली होती?"

मेहुण्यांनी खिशातून कागद काढला. एकवीस फेब्रुवारीपासून रोजचे तास. बाईंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्या कागदाचा असा संताप आला! एवढं सगळं माहीत होतं तर मला धरून हलवलं का नाही? ओरडला का नाहीत माझ्यावर?

"घरात पूर्वी कुणाला असा त्रास?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी ठणकावून सांगितलं. "आमच्या घराण्यात कुणालाच नाही."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मंगळवार, ९ एप्रिल

आईने आज सांगितलं. मी सकाळी दवाखान्यात निघाले होते, चपला घालत होते. मागून म्हणाली, "त्या डॉक्टरणीला खोटं सांगितलंस तू."

"काय खोटं?"

"बाबा फिरतीवर जायचे ना. ते फिरतीवर नव्हते जात."

आम्ही लहान असताना बाबा मधूनच दोन-दोन महिने फिरतीवर जायचे. पट्ट्या बघायला, लांबच्या गावी. येताना आमच्यासाठी काही आणायचे नाहीत म्हणून भिंगरी रुसायची. सगळं खोटं. ते दवाखान्यात असायचे. आठ दिवसांत दुकान उभं केलं ती लाडकी गोष्ट? त्या आठ दिवसांत ते झोपलेच नव्हते. नवव्या दिवशी त्यांना दोरीने बांधून न्यावं लागलं.

"आणि नदीत?" मी विचारलं. बाबा नदीत पाय घसरून गेले, असं आम्हाला सांगितलेलं.

आईने माझी दुसरी चप्पल उचलून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाली, "पाय घसरला नव्हता."

मी तिच्यावर जे ओरडले ते इथे लिहिणार नाही. शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं तुझ्या पोटात हे होतं आणि भिंगरी भिंत रंगवत होती तेव्हा तू जिन्यात उभी राहून बघत होतीस!

"तुमची लग्नं व्हायची होती," आई म्हणाली. "लोक काय म्हणाले असते? मग भिंगरीचं झालं. मग वाटलं, आता कशाला? औषधं घेत होते गं ते. बरे होते. माझ्याच सासूने बंद करायला लावली. म्हणाली, वेड्याची औषधं घेतो म्हणून कुणाला कळलं तर दुकान बसेल. मी काही बोलले नाही."

"तेव्हाही नाही!"

"तेव्हाही नाही."

दवाखान्यात गेलेच नाही. रस्त्यावरून नुसती चालत राहिले.

शुक्रवार, १२ एप्रिल

माझं लग्न झालंच नाही. मग कुणासाठी लपवलंस?

रविवार, १४ एप्रिल

एकतीस घरी जायचंय. आतापर्यंत अकरा झाली. कात्रणांमधून, कचऱ्याच्या पेटीतून तुकडे शोधते, मागे पुठ्ठा लावून जुळवते, जमेल तेवढं. काही लोक दार लावून घेतात. एका तरुण जोडप्याने चहा दिला, त्यांच्याकडे फोटोची दुसरी प्रत होती. एका म्हातारीने मला शिव्या दिल्या, बरं वाटलं.

आज कंडक्टर. त्यांच्या बायकोभोवतीची बस मला पेटीच्या तळाशी सापडली होती. जुळवली. पण बाईच्या कडेने कापल्याची बारीक रेघ राहिलीच.

उजेडात नेऊन त्यांनी ती बघितली. "ही रेघ दिसत राहणार."

"हो. माझी बहीण आजारी आहे. तिला कळत नव्हतं. तिच्या वतीने मी माफी मागते."

"ती आजारी आहे ते मला त्याच दिवशी दिसलं," कंडक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही. "तीस वर्षं बसमध्ये माणसं बघितलीयत मी. तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही मान खाली घातलीत. बाई, ती आजारी होती. तुम्ही तर धडधाकट होतात ना?"

फोटो ठेवून घेतला त्यांनी. चौकट नको म्हणाले.

घरी येताना त्यांचा खूप राग आला. कोपऱ्यापर्यंतच टिकला तो. मग जिचा खरा राग होता त्या बाईबरोबर, म्हणजे स्वतःबरोबरच, मी घरापर्यंत चालत आले. ट्रक ठेवून घेतला होता मी. गर्दी मला हवी होती. दुकान चालत होतं तोवर भिंगरी काय होतेय ते मला बघायचंच नव्हतं.

गुरुवार, २ मे

भिंगरीला घरी सोडलं. मेहुण्यांकडे. माझ्याकडे बघून हसली, पण ते हसू ओठांवर पोचेपर्यंत विझलं.

तिला थोबाडीत मारल्याचं आठवतं का, विचारायचं धाडस झालं नाही.

सोमवार, २० मे

आता उलटं झालंय, बाईंनी सांगितलं होतं तसं. भिंगरी पडून असते. केस विंचरत नाही. खिडकीचा पडदा उघडला तर डोळ्यांवर हात घेते. गोळ्यांनी हात थरथरतात, पाणी पिताना दातांवर पेला वाजतो.

आज मी गेले आणि बसल्या बसल्या तोंडातून निघालंच, "अगं, ऊठ तरी! निदान तोंड धू. बसून काय होणार?"

"ताई," ती म्हणाली, "पाय आहेत ते कळतं. पण ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसं वाटतं."

मार्चमध्ये हिला आजारी म्हणायला तयार नव्हते, कारण ही पडून नव्हती. आता ही पडून आहे, तर मला हिचा आळस दिसतोय. म्हणजे हिने नक्की कसं आजारी पडायचं होतं, माझ्या पसंतीने?

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मी मेले असते तर तुम्हाला सोपं झालं असतं ना?" अगदी सहज. वेळ विचारावी तसं.

पूर्वीची मी असते तर "काहीतरी अभद्र बोलू नकोस" म्हणून दटावलं असतं. बाईंनी सांगून ठेवलं होतं, असं बोलली तर सरळ विचारा, विचारल्याने विचार येत नाही. विचारलं. "मरावंसं वाटतंय का तुला?"

"कधी कधी."

"आज?"

"आज सकाळी."

मेहुण्यांना हाक मारली. बाईंना तिथल्या तिथे फोन लावला. तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. चार दिवस ठेवणार आहेत, औषध बदलणार आहेत.

बाहेर मेहुणे पेल्यात पाणी घेऊन आले. मी म्हटलं, "मार्चमध्ये मी तुम्हाला फार वाईट बोलले."

"हो," ते म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणायला हवं होतं."

"का? बोललात की." चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "मलाही राग आला होता ताई. इतका, की तुमच्याकडे परत यायचंच नाही असं ठरवलं होतं. आलो असतो तर बरं झालं असतं. दोघांनीही मोठ्याने भांडायला हवं होतं."

पहिल्यांदा ह्या माणसाशी माझं पटलं.

मंगळवार, ११ जून

आई स्वतःहून म्हणाली, मला त्या डॉक्टरणीकडे ने.

नेलं. बाईंसमोर बसली आणि बाबांचं सगळं सांगितलं. कुठल्या वर्षी, किती दिवस, कुठली गोळी, तिचा रंग काय होता. एवढं सगळं तिच्या डोक्यात जसंच्या तसं आहे! भिंगरी शेजारीच होती. तिलाही मी आधी काही सांगितलं नव्हतं. आईनेच सांगायचं, असं मी बजावलं होतं.

भिंगरी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी एकटीच नाही अशी." आणि मग एकदम ताडकन, "आई, मला कळलं असतं तर पहिल्याच आठवड्यात मी स्वतः आले असते इथे! मला वाटलं देवाने माझ्यात काहीतरी पेटवलंय!"

दोन महिन्यांत तिचा पहिला चढलेला आवाज. मी घाबरून बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "हा राग आहे. हा यायलाच हवा."

आई रडत होती. मी तिच्या पाठीवर हात नाही ठेवला. भिंगरीने ठेवला.

शनिवार, ३ ऑगस्ट

भिंगरी आठवड्यातून तीन सकाळी दुकानात येते. काच कापू देत नाही मी तिला, हात थरथरतो. ती पुठ्ठे मोजते, गिऱ्हाइकांशी बोलते, पण हळू, शब्द शोधत. गर्दी ओसरलीय. ओसरू दे.

आज आली ती गुणगुणत. चेहरा धुतल्यासारखा लख्ख. आल्या आल्या म्हणाली, "ताई, एक सुचलंय मला."

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"हे कापायचं टेबल आपण खिडकीशी नेऊ. तू सव्वीस वर्षं अंधारात डोळे फोडतेयस. काल घरी जाताना विचार करत होते..." बोलत राहिली, हातवारे करत. आणि मी मनातल्या मनात मोजायला लागले. शब्द भरभर येतायत का? डोळे जास्त चमकतायत का? सुचलंय म्हणाली. मार्चमध्येही सुचायचं. मी "आले हं" म्हणत गोदामात गेले आणि मेहुण्यांना फोन लावला. कुजबुजून विचारलं, "काल किती झोपली?"

मागे वळले तर दारात भिंगरी.

"बंद कर तो फोन," म्हणाली.

केला.

"मला एक टेबल हलवावंसं वाटायचं नाही? गुणगुणायचं नाही? तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा एकदा, मी किती हसायचं ते. लिहून द्या मला. तेवढंच हसेन!"

"भिंगरे, मी एकदा बघितलं नाही. पुन्हा नाही चुकायचं मला."

"मग माझ्याकडे बघ! माझ्याकडे! त्या फोनकडे काय बघतेस? माझ्या पाठीमागे माझी चौकशी करतेस आणि मग म्हणतेस मी संशयी आहे!" "आणि त्या दिवशी थोबाडीत मारलीस ना मला? आठवतंय मला. सगळं आठवतंय. मला वाटायचं तू कधीतरी बोलशील. चार महिने वाट बघतेय."

मी तिथेच पट्ट्यांच्या ढिगावर बसले. म्हटलं, "चुकलं माझं. मी तुला मारलं. आणि त्याआधी महिनाभर तुझ्याकडे बघितलंही नाही, ते मारण्यापेक्षा वाईट."

"हो," भिंगरी म्हणाली. "ते वाईटच होतं." जाऊ दे ताई, असं काही म्हणाली नाही ती. नाक ओढलं. "काही वाटलं तर मला विचार. तोंडावर. मी चिडेन. चिडले तरी विचार. आणि मी सांगितलं की खरं मान. ते पटलं नाही तर माझ्यासमोर त्यांना फोन कर, माझ्यासमोर बाईंकडे चल. पण गोदामात लपून नाही."

"बरं. विचारते. काल किती झोपलीस?"

"साडेसात तास. गोळी घेतली. सकाळी पोटभर खाल्लं. टेबलाचं मला सुचलं कारण तुझे डोळे लाल होते, देव माझ्याशी बोलला नाही." मग तोंड वाकडं करून म्हणाली, "अजून काही?"

"इतकं बोलू नकोस, गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक गेल्यावर दोघींनी टेबल ओढलं. जड आहे मेलं, पाय घासून फरशीवर दोन ओरखडे उठले. तिच्या हाताला जोर नाही अजून, मधेच सोडून दिलं तिने, माझ्या अंगठ्यावर आदळलं. मी जोरात शिवी हासडली. तीही उलट हासडून मोकळी झाली.

संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून काम केलं. उजेड खरंच चांगला येतो.